मी हळू होत गेलो, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पट्ट्याने खांद्याला अडकवावा, पोटात सेल भरावेत, कॅसेट सरकवावी आणि खट्कन बटण दाबावं, की मी सुरू! तुमच्यापैकी कित्येकांनी कॅसेट पाहिलीही नसेल. त्यात तुमचा काय दोष म्हणा! जन्माला यायला उशीर केलात, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटर बसवली, दुसरीने मोटरीवरून चाकावर रबरी पट्टा चढवला, तिसरीने पाठ लावून स्क्रू पिळले. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्ट्याने चाक फिरतं आणि चाक टेपला पुढे ओढतं. पट्टा सैल पडला की गाणं रेंगाळतं आणि आवाजही जाडा होतो. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रामायण त्या पट्ट्यापायी घडलं.

मला विकत घेतलं एका नर्सबाईंनी. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नोकरी संपल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. अख्ख्या वॉर्डावर हुकूम चालवलेली बाई. घरात हुकूम ऐकायला होतं कोण? एक मांजर, तेही ऐकत नसे. मग सिस्टरांनी आसपासच्या बायका गोळा केल्या आणि सकाळी बागेत व्यायामाचा वर्ग सुरू केला. गाणी लावायला मी!

कॅसेट एकच होती. एक खड्या आवाजाची बाई त्यात ठसक्यात गात असे. "हात वर! कंबर सरळ! थोरल्या जाऊबाई, गप्पा नंतर!" सिस्टर ओरडत, मी गात असे. आणि मान काय होता माझा! बाकावर माझ्याखाली रुमाल अंथरलेला असे. पावसाचे चार थेंब पडले तर पहिली छत्री माझ्या डोक्यावर येई. मी तर फुशारून गेलो होतो.

वर्षं गेली. माझा पट्टा हळूहळू सैल पडू लागला. गाणं आधी केसभर रेंगाळलं, मग बोटभर. मला मेली लाज वाटायची. आज कुणीतरी नक्की म्हणणार, "अगं, हा तर रडतोय!" पण कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचे हात माझ्या तालावर बरोबर वर जात आणि बरोबर खाली येत. उलट थोरलीची, वर्गात नंतर आलेली धाकटी जाऊ एकदा म्हणाली, "या बुवांचा आवाज काय भारदस्त आहे, नाही?" ऐका! आमची गाणारी बाई कधीच बुवा होऊन बसली होती.

आणि एके सकाळी, सगळ्यांचे हात वर असताना, माझा पट्टा तुटला. फट्! गाणं बंद. बायका हात वर करून तशाच उभ्या!

सिस्टरांनी मला तडक घड्याळजींकडे नेलं. पुढे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत फळ्याच फळ्या आणि त्यांवर माझे भाऊबंद! जुने प्लेअर गोळा करायचा त्यांना भारी नाद. ते रोज त्यांना पुसत, आळीपाळीने वाजवत, अडलेल्यांना तेल देत. भिंगाचा डोळा लावून त्यांनी मला उघडलं. जुन्या पट्ट्याचं पार डांबर झालं होतं. ते त्यांनी कापूस आणि स्पिरिटने निपटून काढलं, नवा पट्टा चढवला आणि मोटरीच्या पाठचा इवलासा स्क्रू फिरवून माझा वेग अगदी नेमका लावला. मग म्हणाले, "सिस्टर, या जातीचा माझ्याकडे एकही नाही. कधी नकोसा झाला तर मला द्या हं."

"नकोसा? वेड लागलंय का मला!" सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तरुणपणी गायचो तसा गायलो. आणि बागेत एकच गोंधळ! थोरलीचा हात धाकटीच्या कानावर बसला.

"अगं बाई, हे बुवा बायकी आवाजात काय गायला लागले?"

"बुवा कुठले? ती पहिल्यापासून बाईच आहे!"

सगळ्या खो खो हसल्या. पण तिसऱ्या व्यायामाला हसू पळालं. कुणी छातीवर हात ठेवला, कुणी बाकावर टेकली. दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. त्यानंतर नुसत्या दोघी जावा उरल्या. थोरली म्हणाली, "सिस्टर, राग मानू नका, पण आम्हाला हे झेपत नाही. उद्यापासून आम्ही आपल्या घरीच हातपाय हलवू."

सिस्टरांचा वर्ग मोडला. त्या मला घेऊन तणतणत दुकानात शिरल्या. "भाऊ, तुम्ही माझा टेप बिघडवलात!"

घड्याळजींना ते फार लागलं. त्यांनी वेग तपासायची कॅसेट माझ्यात घातली. तिच्यात सेकंदाला एक टिक्. समोर भिंतीवर घड्याळ. काटा हलला की माझी टिक्, काटा हलला की माझी टिक्. तसूभरही फरक नाही.

"बरोबर चालतोय, सिस्टर. आधी हळू चालायचा. बरीच वर्षं चालत असणार."

सिस्टर स्टुलावर बसल्या. "म्हणजे हा हळू होत गेला आणि त्याच्याबरोबर आम्हीही? मला कळलंसुद्धा नाही हो, भाऊ. मी समजत होते, मी अजून तशीच आहे." त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळजी चाचरत म्हणाले, "मुद्दाम चुकीचा लावून द्यायचा म्हणजे... माझ्या हातून ते व्हायचं नाही."

"मी मागितलंय का? चूक आमची आहे. ठेवा याला तुमच्या फळीवर. वर्ग संपला." आणि त्या निघून गेल्या.

घड्याळजींनी मला फळीवर मधोमध ठेवलं. हवी ती वस्तू आयती मिळाली होती, पण त्यांना काही केल्या चैन पडेना. मला पुसत, मागे सरून बघत, "च्" करत आणि पुन्हा पुसत. सकाळ झाली तशी त्यांनी मला खांद्याला अडकवलं आणि थेट बाग गाठली.

सिस्टर एकट्याच बाकावर बसल्या होत्या. "सिस्टर, मला एकदा तुमचा वर्ग डोळ्यांनी बघू द्या. बोलवा सगळ्यांना."

"बोलावते. पण नुसतं बघायचं नाही, तुम्हीही रांगेत उभं राहायचं." हुकूम तो हुकूम! थोरलीने घरोघर निरोप धाडला. बायका कुरकुरत जमल्या. घड्याळजी पोट सावरत मागे उभे राहिले आणि मी सुरू झालो.

पहिल्या व्यायामाला त्यांचा चष्मा घसरला. दुसऱ्याला सदऱ्याचं बटण उडालं. तिसऱ्याला ते गवतावर मटकन बसले. "थांबा... नाही, तुम्ही थांबू नका. हात चालू ठेवा!" धापा टाकत ते सरपटत माझ्यापाशी आले. खिशातून बारकं पेचकस काढलं आणि मी गात असतानाच माझी पाठ उघडून तो स्क्रू केसाकेसाने फिरवू लागले. नजर मात्र बायकांच्या हातांवर.

"आता?"

"आणखी जरासं."

"आता?"

सगळ्यांचे हात माझ्या तालावर वर गेले आणि तालावर खाली आले. गाणं संपेपर्यंत एकही बाई खाली बसली नाही. माझा आनंद गगनात मावेना! ज्या हळूपणाची मला इतकी वर्षं लाज वाटली, त्यानेच तर या बायकांना एकत्र धरून ठेवलं होतं.

सिस्टरांनी पदराने डोळे टिपले. "पण भाऊ, तुमच्या घड्याळाच्या हिशेबाने हे चूकच ना?"

घड्याळजी गुडघे चोळत म्हणाले, "घड्याळाला कुठे गुडघे आहेत, सिस्टर!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, जपा, दुरुस्त करा. पण तुमच्या घरातही कुणाचं चालणं, जेवणं, बोलणं हळू झालं असेल. त्यांना "लवकर आटपा" म्हणू नका. त्यांना घड्याळ दाखवू नका. थोडं हळू व्हा आणि त्यांच्याबरोबर चाला. तुम्हाला वेग वाढवायला पुढे सगळं आयुष्य पडलंय.