मुक्या भुताचं नाव

श्रावस्तीनं तिसऱ्यांदा मोजलं. फिल्मच्या काठावरची शंभर छिद्रं सातशे बासष्ट मिलिमीटरमध्ये बसायला हवीत; ही सातशे बावन्नातच संपत होती. फिल्म सव्वा टक्क्याहून जास्त आकसली होती, आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. प्रोजेक्टरच्या दात्यांनी एकदा ओढली तर नशीब. दुसऱ्यांदा चिंध्याच.

श्रावस्तीला ती एकदाच चालवायची होती, पण आज, शनिवारी, बारा वाजायच्या आत. बाराला गाडी येणार, आबाराव सोलापूरला दवाखान्यात भरती होणार आणि सोमवारी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार. गाठ होती. जीव राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आबाराव तिचे आजोबा. तीस वर्षं सरकारी प्रचाराच्या गाडीवर ऑपरेटर. टोळधाड, देवीची लस, बिनधुराची चूल असल्या फिल्मा गावोगाव दाखवायच्या आणि पोरं टिकून बसावीत म्हणून शेवटी एक जुना विलायती सिनेमा लावायचा. बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात राहणाऱ्या तीन प्रेमळ भुतांचा. इंग्रजी कुणालाच कळायचं नाही, आबारावांनाही नाही. ते सिनेमाचा आवाज बंद करून माइकवर स्वतःच गोष्ट सांगायचे. लोक हसून लोळायचे, असं श्रावस्तीची आई अजून सांगते. गाडी भंगारात निघाली तेव्हा आबारावांनी प्रोजेक्टर आणि उरलेलं हे एकच रीळ मागून घेतलं होतं. चित्र डोळ्यांपुढं नसलं की त्यांना गोष्टीतलं काही आठवत नसे. आवाज जायच्या आधी ती गोष्ट त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायची, म्हणून हा सगळा खटाटोप.

ईट गावच्या शाळेतल्या दैवशाला मॅडमनी एक वर्ग मोकळा करून दिला होता. श्रावस्तीनं खिडक्यांना पुठ्ठे ठोकले, पंखा बंद केला, पोरांना पार पलीकडच्या वर्गात धाडलं. रेकॉर्डर तपासला. पुन्हा तपासला. घड्याळ पाहिलं.

एक गोष्ट तिनं आबारावांना सांगितली नव्हती. काल भिंगाखाली रीळ पाहताना शेवटचं दृश्य दिसलं होतं. तिसरं, किडकिडीत भूत पोलिसाला घाबरवायला तोंड उघडतं आणि आवाजच फुटत नाही. ते गळ्याकडं बोट दाखवत राहतं. चाळीस सेकंद. तिनं कात्री घेतली, ठेवली, परत घेतली. शेवटी तसंच राहू दिलं आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"बोला आबा," ती म्हणाली. प्रोजेक्टर खडखडू लागला.

"हे एक भूत हाय," आबाराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जाडं हाय. आता जिना चढतंय. दुसरं भूत आलं."

पंचनामा वाचावा तसं. दोन मिनिटांनी तिनं दिवा आणि मोटर बंद केली.

"आबा, असं नव्हतं ना! मूळ होतं तसं सांगा."

"मूळ? त्यात मूळ कुठलं आलं, माय? गावात शिरलं की म्या आधी हाटेलात बसायचो. च्या पीत इचारायचो, हितं पोरं कुणाला भितात? कुठं मास्तर, कुठं पाटलाचं कुत्रं. तीच नावं भुतांला द्यायची. तेरखेड्याला जाड्या भुताला फटाक्याच्या कारखान्याचा मुकादम केला, तर मुकादमच पुढं यून बसला!" ते हसले आणि खोकले. "भूत नसतंय म्हणून भाषण केलं तर कोण ऐकतंय? नाव दिलं की पोरं हसायची. भुताचंबी भ्या जायाचं अन् मास्तराचंबी."

"मग आता द्या की नावं."

"कुणाला? भिंतींला? पोरं आण."

"गोंगाट होईल, आबा. तुमचा आवाज दबेल. ही एकदाच चालायचीय."

"एकदाच चालव. पर पोरं आण."

अकरा वाजून दहा मिनिटं. ती दारापर्यंत गेली, मागं आली, रेकॉर्डरकडं पाहिलं. मग दार उघडलं.

चाळीस पोरं घुसली. आबाराव ताठ बसले. "काय रं, लई भ्या कुणाचं वाटतंय?"

तिसरीतली शिवप्रिया म्हणाली, "मॅडमचं!"

दारात उभ्या दैवशाला मॅडमनी तोंडावर पदर धरला.

"झालं! जाडं भूत म्हंजे मॅडम. अन् दुसरं?"

"इंजेक्शनवाल्या सिस्टर!"

फिल्म थांबली होती तिथून पुढं सुरू झाली. मॅडम जिना उतरता उतरता पिठाच्या पिंपात पडल्या. सिस्टरनं पोलिसाला सुई दाखवली आणि तोच आडवा झाला. पोरं किंचाळत होती, बाकं बडवत होती. रेकॉर्डरचा काटा लाल रेषेच्या पलीकडं अडकून बसला. आबारावांचे निम्मे शब्द बुडत होते. श्रावस्तीनं हातानं शांत राहायची खूण केली. कुणी पाहिलीही नाही.

मग शेवटचं दृश्य आलं. तिचं बोट बटणावर गेलं. आत्ता बंद केलं तर पोरांना काही कळणार नाही. पण आबारावांनी तिच्याकडं न बघताच मान हलवली: नको.

किडकिडीत भुतानं तोंड उघडलं. आवाज नाही.

आबारावही गप्प झाले. नुसती खडखड.

"ह्ये कोण?" शिवप्रियानं विचारलं. "ह्याला नावच न्हाय?"

"हाय की." आबाराव उठले. "ह्याचं नाव आबाराव. सोमवारपास्नं ह्यो असाच बोलणार. बघा, तुमाला कळतंय का."

ते प्रकाशात जाऊन उभे राहिले. भुताशेजारी त्यांची सावली पडली. त्यांनी तोंड वासलं, गळ्याकडं बोट केलं, मग पोटाकडं.

"भाकर!" कुणी तरी ओरडलं.

त्यांनी मान डोलावली. हवेत काही तरी ठेचलं.

"चटणी! शेंगदाण्याची!"

"न्हाय वं, लसणाची!" शिवप्रिया म्हणाली.

खाटकन आवाज झाला. फिल्म तुटली. मोकळं टोक दात्यांवर फडफडू लागलं आणि भिंत पांढरीफेक झाली. त्या पांढऱ्यावर आता एकटीच सावली होती. ती खाजवत होती, शिंकत होती, कुणाला तरी बोलावत होती. पोरं सावलीच्या तोंडचं बोलत होती, भांडून, एकावर एक.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा.

श्रावस्तीनं फक्त मोटर बंद केली. दिवा चालू राहू दिला. रेकॉर्डरवरचे आकडे पुढं सरकत होते, आणि आबारावांचा एकही शब्द येत नव्हता.