दोन शालूंचा आल्बम

दोन्ही लॅपटॉप एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते. दोन हजार आठची अक्षय्य तृतीया होती. मॉडेल एक, खोकी सारखी, मागचे नंबरसुद्धा चारच आकड्यांनी पुढेमागे. नाशिक रोडला जेल रोडवर निकिता आणि हर्षल या नवराबायकोचा फोटो स्टुडिओ होता. लग्नात फोटो हर्षल काढायचा आणि आल्बमची पानं निकिता कॉम्प्युटरवर जुळवायची. त्या वर्षी कामं इतकी आली की एका मशीनवर भागेना, म्हणून दोन घेतले.

तिसऱ्याच दिवशी निकितानं एकच फोटो दोन्हीकडे उघडला. तिच्या लॅपटॉपवर नवरदेवाचा पांढरा सदरा हळदीत बुचकळल्यासारखा दिसत होता. हर्षलच्या लॅपटॉपवर तोच सदरा निळीत घातल्यासारखा.

"अरे, हे बघ ना."

"काय बघू? सारखेच आहेत," हर्षल म्हणाला. "तुझ्या टेबलावर ट्यूबचा उजेड पडतो."

तिनं लॅपटॉपच्या जागा बदलल्या. ट्यूब बंद केली, खिडकी उघडली, उजेड कमीजास्त करायची बटणं दाबून दाबून बोटं दुखवून घेतली. पिवळा तो पिवळाच, निळा तो निळाच.

"डोळे तपासून घे एकदा," हर्षल म्हणाला.

ती खरंच गेली. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावले आणि डोळे ठणठणीत असल्याचं सांगून परत पाठवलं. मग ती दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मॉडेल तेच आहे ना? मग रंग वेगळा कसा असेल?" तिनं दोन्ही लॅपटॉप काउंटरवर शेजारी ठेवून दाखवले. त्यानं मान तिरपी करून पाहिलं आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिहून दिला.

सर्व्हिस सेंटरमधल्या इंजिनिअरनं चार दिवस ठेवून घेतले. पाचव्या दिवशी दोघं न्यायला गेली तेव्हा म्हणाला, "स्क्रीन वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. तुमच्या एकात एका कारखान्याची आहे, दुसऱ्यात दुसऱ्याची. पण दोन्ही मर्यादेत आहेत."

"कुणाच्या मर्यादेत? माझ्या तर कधीच संपल्या!" निकिता म्हणाली. तरी त्यानं दोन्ही मशीन तशीच पिशवीत घालून दिली.

रिक्षात हर्षल पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग हळूच म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"काय?"

"हेच मॉडेल घ्यायचं म्हणून मीच हटून बसलो होतो ना. मग म्हटलं, होईल सवय."

"आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलंस?"

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण कामं खोळंबली होती, म्हणून दोघं आपापल्या लॅपटॉपसमोर बसली आणि हातातले आल्बम वाटून घेऊन पुरे केले. तिथंच घात झाला.

त्यातला एक आल्बम दीपमालाचा होता. दीपमाला जेल रोडचीच मुलगी, मे महिन्यात सिन्नरजवळच्या एका गावात दिलेली. सासरी टोमॅटोची शेती. तिच्या आल्बमची पहिली वीस पानं निकितानं केली, उरलेली हर्षलनं. निकिताचा पडदा सगळंच पिवळं दाखवायचा, म्हणून ती प्रत्येक फोटोत निळा रंग वाढवत गेली. हर्षल त्याच्या निळ्या पडद्याकडे बघत पिवळा वाढवत गेला. छापून आलेला आल्बम दीपमालाचे वडील घाईत घेऊन गेले आणि तसाच सिन्नरला पोचवून आले.

आठ दिवसांनी दीपमालाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"निकिताताई, माझ्या शालूचं काय केलं तुम्ही? विसाव्या पानापर्यंत वांगी रंगाचा आहे आणि पुढे विटकरी. आत्याबाई म्हणतात, आम्ही दिलेला शालू हिनं अर्ध्या लग्नात बदलला, माहेरचा नेसली. अख्ख्या भावकीला आल्बम दाखवून विचारतायत."

"अगं, शालू एकच होता!"

"मी सांगितलं. त्या म्हणतात, फोटो खोटं बोलतो का?"

निकितानं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही लॅपटॉप पाठीवर टाकून ती आणि हर्षल एसटीनं सिन्नरला आणि तिथून जीपनं गावात पोचली.

दीपमालाची सासू सरुबाई, म्हणजे फोनवरच्या आत्याबाई, अंगणात टोमॅटोच्या ढिगासमोर बसली होती. हात थांबत नव्हते. कच्चा एका क्रेटमध्ये, गुलाबी धरलेला दुसऱ्यात, लालभडक तिसऱ्यात. न बघताच टाकल्यासारखी टाकत होती. दीपमाला दारात उभी होती, पदराचं टोक पिळत.

हर्षलनं ओट्यावर दोन्ही लॅपटॉप उघडले आणि एकच फोटो दोन्हीवर लावला. "बघा मावशी. फोटो एकच, मशीन सारखी, तरी रंग दोन. चूक आमची आहे, सुनेची नाही."

सरुबाई हात पुसत उठली. आधी हा पडदा पाहिला, मग तो.

"दीपमाला, शालू आण."

शालू आला. उन्हात त्याची घडी उलगडली आणि निकिताला धक्काच बसला. तो वांगी नव्हता, विटकरी नव्हता आणि दोन्ही पडद्यांवर दिसत होता तसाही नव्हता. पिकून फुटलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा होता.

"मंग खरा रंग कोणत्या मशीनीत हाय?" सरुबाईनं विचारलं.

"कोणत्याच नाही," निकिता म्हणाली. तिचा आवाज चिडून चिरकला. "एवढी मोठी मशीनं, आणि कोणत्याच नाही!"

सरुबाईला बहुधा तिची कीव आली. "मंग करा की नीट. मी काय शालू पळवून नेते का कुठं?"

येताना निकितानं शालूच्या काठाआतला एक सुटा धागा तेवढा मागून घेतला. स्टुडिओत आल्यावर पडद्याकडे बघून रंग ठरवायचा नादच तिनं सोडला. दीपमालाचा एकच फोटो नऊ वेळा, प्रत्येकात रंग जरासा सरकवून, कागदावर छापून घेतला. नऊही धाग्याशी ताडून पाहिले, तर तिला चार सारखेच जुळणारे वाटले. ती पुन्हा वैतागली आणि नऊही फोटो घेऊन पुन्हा सिन्नरला गेली.

सरुबाईनं शालू खाटेवर अंथरला, वर फोटो ओळीनं मांडले. पटापट सहा बाजूला केले, जसे कच्चे टोमॅटो काढतात तसे. "हा लय तांबडा. ह्यो जांभळट. हा मेलेला." उरलेल्या तिनांतला एक उचलून तिनं शालूवर टेकवला, उन्हाकडे वळवला. "ह्यो."

निकितानं वाकून पाहिलं. फोटो कुठं संपतो आणि शालू कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं.

त्या एका फोटोवरून तिनं सगळी पानं नव्यानं केली. प्रत्येक पानाची छोटी प्रत आधी कागदावर छापून बघितली आणि हर्षलला लॅपटॉपला हात लावू दिला नाही. दसऱ्याआधी नवा आल्बम ती स्वतः घेऊन गेली.

सरुबाईनं ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पान न् पान पाहिलं. तिच्या मागे दीपमाला उभी होती. शेवटचं पान मिटल्यावर दीपमालानंच तोंड उघडलं.

"आत्याबाई, आता तरी पटलं का?"

"पटलं," सरुबाई म्हणाली. "पण तोंडानं कशाला बोलायला लावतीस?" मग आल्बम काखेत धरून उठली आणि चपला पायात सरकवल्या. "चल माझ्यासंगं. ज्यांना ज्यांना तो पहिला दाखवला, त्यांच्या घरी जाऊ. तू दाखव, मी सांगते."

दोघी गल्लीत उतरल्या. निकिता ओट्यावर एकटीच राहिली. तिला घरात कुणी चहा विचारायलाही उरलं नव्हतं, आणि कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदाच तिला कशाचाच राग आला नाही.