गॉर्सलाइटचा तळ

तुम्ही लेबलवर खोटं छापता. 'गॉर्सलाइट सोनेरी एल बीअर, पूर्वी होती तशीच' असं छापता, आणि वर आमच्या दरीतल्या ब्रुअरीचं चित्र. ती ब्रुअरी तुम्हीच चार वर्षांपूर्वी बंद केलीत. तिथे आता फ्लॅट आहेत, आणि बीअर होते दोनशे मैल लांब. गाळून, तापवून, काचेसारखी लखलखीत. मढ्याच्या गालाला पावडर फासावी तशी. तळाशी विरजणाचा कण नाही, आणि म्हणे पूर्वी होती तशीच!

तुमच्यातल्या एकानेही विनिफ्रेड ऑल्डरसनचं दार वाजवलेलं नाही. म्हणून तिच्या स्वयंपाकघरात काय झालं ते आता ऐका.

विनीचा नवरा सेल्विन सदतीस वर्षं त्या ब्रुअरीचा मुख्य ब्रुअर. गॉर्सलाइट त्याचीच. तो मार्चमध्ये गेला. जाण्याआधी आठवडाभर त्याला बोलायलाही दम लागत होता, तरी त्याने तिला जवळ बोलावून सांगितलं, "तळघराच्या पायरीवर एक बाटली उभी आहे. शेवटच्या घाण्यातली. जोसला बोलाव. आधी चव घ्या, म्हणजे काय शोधायचंय ते त्याला कळेल. मग तळ त्याला दे."

तळ म्हणजे विरजण. गॉर्सलाइट बाटलीतही जिवंत असायची. यीस्टचा करडा थर तळाशी बसलेला असायचा. एका घाण्यावरून काढायचं, पुढच्या घाण्यात घालायचं, असं ते विरजण सेल्विनच्या आधीच्या ब्रुअरच्याही आधीपासून चालत आलेलं. तुमच्या माणसांनी ते संपवलं. जगात उरलं ते त्या एका बाटलीच्या तळाशी, बोटभर. त्यातले चार कण जरी जिवंत निघाले तरी गॉर्सलाइट पुन्हा झाली असती.

जोस मेटकाफ सेल्विनच्या हाताखाली शिकलेला. पन्नाशीचा, आता मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यात छोटी भट्टी चालवतो. रविवारी दुपारी तो आला. विरजण धरायला माल्टचं गोड पाणी उकळून बंद केलेली बरणी त्याने व्हॅनमध्ये गरम दुलईत गुंडाळून ठेवली होती. बरोबर वॉल्ट डिन्सडेल, ब्रुअरीच्या पिंपांच्या गाडीवर जन्म काढलेला म्हातारा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बीअर उघडणार म्हटल्यावर वॉल्टला बोलवावं लागत नाही.

विनीने बाटली दोन्ही हातांत उभी धरून वर आणली. पायऱ्या बारा, तिला लागली पाच मिनिटं.

जोसने टोपण काढलं. बारीक फुस्स झालं.

"श्वास आहे," तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा बरा आहे," वॉल्ट म्हणाला.

काचेचा जग तिरका धरून जोसने एका दमात ओतायला घेतलं. नजर बाटलीच्या खांद्यावर. थांबत थांबत ओतलं की तळ ढवळतो.

"पोरा, बीअर ओततोयस की बाळाला न्हाऊ घालतोयस?"

"वॉल्ट, थोबाड मिट," विनी म्हणाली. "आणि तिकडे वळून खोक."

खांद्यापाशी करड्या धुराची रेघ दिसली, तसा जोस थांबला. बाटलीच्या तोंडावर त्याने चांदीचा कागद दाबला आणि ती सिंकजवळच्या ओट्यावर उभी केली. "बसू दे निवांत. सेल्विन म्हणाले तसं आधी चव. मग बरणी आणतो."

जगमधून तीन पेले भरले. रंग उशिरा कापलेल्या गवताचा. विनीने आधी वास घेतला. सेल्विन घरी येऊन कोट काढायचा तेव्हा दाराशी यायचा तो वास. मग घोट. आधी मध, पण गोड नाही. संत्र्याची साल. मग जिभेच्या कडांना काहीतरी हळूच आलं, पिकत आलेल्या नाशपातीसारखं. आणि शेवटी कोरडा कडूपणा, जो लगेच दुसरा घोट मागतो.

"थकलीय थोडी," जोस म्हणाला. "चार वर्षं झाली. पण ती नाशपाती, मिसेस ऑल्डरसन... ते विरजण बोलतंय. नव्यात नाही ते."

"नव्यात काय असतं सांगू?" वॉल्ट म्हणाला. "नव्यात मीटिंग असते."

विनी हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की ही शेवटची. नवरा पुरला तेव्हा रडू आलं नव्हतं, आलेल्या माणसांसाठी सँडविचं करायची होती. आता आलं. या दोघांसमोर नको म्हणून ती उठली, पाठ फिरवून सिंकशी उभी राहिली. वॉल्टने भलं मन करून ब्रुअरीच्या घोड्याची जुनी गोष्ट मोठ्याने सुरू केली. जोसही मान खाली घालून पेल्यात बघत राहिला.

ब्रुअरच्या घरात बाटली सुकू देत नाहीत. ओतली की लगेच गरम पाणी घालायचं, विसळायची, उपडी घालायची. सुकलेलं विरजण काचेला सिमेंटसारखं बसतं, आणि बाटल्या परत भरायला जायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सेल्विनने तिला हे शिकवलं होतं. बावन्न वर्षं. इतकी वर्षं केलेल्या कामाला हात डोक्याची परवानगी मागत नाहीत.

नळाचा आवाज जोसने ऐकला. त्याला वाटलं, ती तोंड धुतेय.

ती वळली तेव्हा बाटली जाळीवर उपडी ठिबकत होती आणि तिच्या मुठीत चांदीचा कागद होता. तिने कागदाकडे पाहिलं.

"जोस," ती म्हणाली. "जोस, मी काय केलं रे?"

वॉल्टचा घोडा अर्ध्या रस्त्यात थांबला.

जोस व्हॅनकडे धावला. पेल्यांत उरलेलं, जगमध्ये तळाशी राहिलेलं, सगळं त्याने बरणीत घातलं. ओठ लागलेलं, हवा लागलेलं. त्यातून काही धरण्याची आशा नव्हती, पण घातलं.

बाराव्या दिवशी तो बरणी घेऊन आला. विनीने झाकण उघडून वास घेतला. व्हिनेगर.

"तळही मेलेलाच असणार, मिसेस ऑल्डरसन," जोस म्हणाला. "चार वर्षं. खरं सांगतो, काहीच निघालं नसतं."

"तुला खोटं बोलता येत नाही, पोरा. सेल्विनलाही यायचं नाही." तिने बरणी ओट्यावर ठेवली. मग जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "ब्रुअरीच्या शेवटच्या दिवशी तो दुधाची किटली घेऊन फाटकाशी गेला होता. किटलीभर विरजण द्या म्हणाला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे काही मागितलं. आतून निरोप आला, ती कंपनीची मालमत्ता आहे. पावसात एक तास उभा होता. रिकामी किटली घेऊन घरी आला आणि म्हणाला, विने, चहा टाक."

 जोसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

त्या रविवारपासून विनी सिंकसमोर उभी राहत नाही. वॉल्टची मुलगी येऊन भांडी घासून जाते. बाई स्वतःला म्हणते, मी मारलं. रोज म्हणते. तिची चूक एका नळाची, डोळ्यांत पाणी असताना झालेली. तुमचे डोळे कोरडे होते. तुम्ही हौदच्या हौद विरजण गटारात सोडलंत, आणि फाटकाबाहेर एक माणूस किटली घेऊन उभा आहे हे तुम्हाला खिडकीतून दिसत होतं.

तिने तुम्हाला पत्र लिहिलंय, रजिस्टर्ड. फार काही विचारलेलं नाही. ओतूनच द्यायचं होतं, तर त्याच्या किटलीत का नाही ओतलंत? उत्तर द्या. छापील कार्ड नको, कुणाच्या तरी नावाने, कुणाच्या तरी सहीने उत्तर द्या.