अवंतीची सही

अवंतीला स्वतःची सही करता येते, याचा नलिनीताईंना फार अभिमान होता. गोरव्याच्या बालवाडीत त्यांनी आयुष्यभर मुलांकडून अक्षरं गिरवून घेतली. पण स्वतःच्या मुलीला जोडाक्षरं येईपर्यंत तिच्या बरोबरीची मुलं कॉलेजात पोचली. अवंती आता चाळिशीला आली होती आणि समज सहा वर्षांच्या पोरीची. सही करताना ती जीभ बाहेर काढायची आणि शेवटची रेघ ओढली की विचारायची, "छान आहे ना?"

"छान आहे," नलिनीताई म्हणायच्या. आधी छान म्हणायचं, मग चूक दाखवायची, ही त्यांची रीत.

डॉक्टरांनी अपंगत्वाचा दाखला काढायला सांगितला होता. त्यांनी काढला नाही. "शिकतेय माझी मुलगी. शिक्का कशाला मारायचा तिच्यावर?" आणि मृत्युपत्राचा विषय निघाला की त्यांचे यजमान विश्रामराव म्हणायचे, "संजू आहे ना!" तेवढ्यावर विषय संपायचा.

विश्रामराव गेले. फ्लॅट त्यांच्या नावावर होता. वर्षश्राद्ध झालं आणि संजीव म्हणाला, "आई, तुझा नि ताईचा हक कमी करून घेऊ, म्हणजे हक्क सोडल्याचा कागद. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर असलं की पुढे कुठे अडायला नको."

नलिनीताईंना त्यात वावगं वाटलं नाही. वडील गेल्यावर त्यांनीही अशीच सही करून आपला हिस्सा सोडला होता. भावाने साडी नेसवली होती. हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, हे त्यांच्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे. संजीवनेही लहरीपुऱ्याच्या बाजारातून दोघींना साड्या आणल्या. अवंतीने तीच साडी नेसून निघायचा हट्ट धरला.

नोंदणी कचेरीत काय विचारतील आणि काय सांगायचं, हे नलिनीताईंनी अवंतीकडून घरीच घोकून घेतलं होतं. साहेबांनी विचारल्याबरोबर अवंती म्हणाली, "राजीखुशीने करते. भाऊ माझाच आहे." मग जीभ बाहेर काढून तिने सही केली.

गुजराती कारकून कौतुकाने म्हणाला, "बेननी सही तो बहु सरस छे!"

नलिनीताईंचे डोळे भरून आले. त्यांनी आपल्या कागदावर सही केली आणि अवंतीच्या कागदावर खाली ओळख पटवणारी म्हणूनही.

दिवाळीनंतर संजीवने सांगितलं की फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय आणि त्याची बदली पुण्याला झालीय. "तू चल आमच्याबरोबर. ताईसाठी वाघोडियाजवळ एक आश्रम बघितलाय. बाग आहे तिथे."

"बाग?"

"आई, तुझ्यामागे तिचं कोण करणार? कोमल? तिला तू कधी विचारलंस?"

विचारलं नव्हतं. सून आहे म्हणजे करेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. संजीव आवाज चढवून बोलत नव्हता, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या अवंतीला घेऊन नीराकडे गेल्या. नीरा त्यांच्या बालवाडीतली, आता वकील झालेली.

"टीचर, तुमचा हिस्सा विसरा," नीरा म्हणाली. "तुम्ही समजून सोडलात. अवंतीचा परत मागता येईल, पण सही केली तेव्हा तिला काही कळत नव्हतं, हे सिद्ध करावं लागेल. दाखला आहे?"

"नाही गं."

"मग आता तपासणी होईल. कोर्टात तिला प्रश्न विचारतील." नीरा अवंतीकडे वळली. "अवंती, तू सही केलीस ना, मग आता घर कुणाचं?"

"आमचं. आईचं, बाबांचं, माझं, संजूचं."

नीराचा चेहरा उजळला. "बघा, असंच बोलली पाहिजे. अवंती, मग सही कशाला केलीस गं?"

अवंती ताठ बसली. "राजीखुशीने करते. भाऊ माझाच आहे."

नीराने पेन खाली ठेवलं. "हे कुणी शिकवलं?"

नलिनीताई पिशवीतले कागद आवरू लागल्या. नीराला उत्तर कळलं. तिने दोघींसाठी चहा मागवला आणि अवंतीच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं.

घरी आल्यावर नलिनीताईंनी मुलीला समोर बसवलं. "बाळा, आता कुणी सहीचं विचारलं ना, की म्हणायचं, मला माहीत नाही."

"पण मला माहीत आहे."

"तरी म्हणायचं."

"माहीत नाही म्हटलं की तू परत शिकवतेस," अवंती म्हणाली आणि हसली.

"नाही शिकवणार. म्हण बघू."

"राजीखुशीने करते."

"तसं नाही गं. सही करता येत नाही मला, म्हण."

अवंतीला हे पटेना. येत नाही कसं? ती उठली, कपाटाखालची जुनी पाटी काढून फडक्याने पुसली आणि तिच्यावर हळूहळू नाव लिहिलं. अवंती विश्राम मोहिते. खाली रेघ ओढली. एकही काना चुकला नव्हता.

"छान आहे ना?"

नलिनीताईंनी पाटीकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "छान नाही."

असं उत्तर अवंतीने कधी ऐकलं नव्हतं. कुठे चुकलं ते आई आता दाखवेल, म्हणून तिने पाटी पुढे केली. आईचा हात हलला नाही. मग तिने स्वतःच पाटी पुसली, पेन्सिल घट्ट धरली आणि आधीपेक्षा जास्त सावकाश, जास्त नीट, पुन्हा सही करायला घेतली.