खालची चूल, वरची चूल

शिवणवालीचं चुकलं एवढंच, की ती खरं बोलली.

मोरी तुंबली म्हणून घरामागे चर खणताना तिला काळ्या मासोळ्यांच्या नक्षीचा रांजण लागला. नवरा म्हणाला, "बुजव गुपचूप. झाकली मूठ सव्वा लाखाची." पण तिच्या पोटात कौतुक मावेना. पुरातत्त्व खात्यात जाऊन तिने सांगून टाकलं. साहेबांनी पाठ थोपटली, अन् पाठोपाठ घर रिकामं करायची नोटीस आली. घराखाली प्राचीन नगर होतं म्हणे.

तिची चूल, ओटा, उंबरठा, सगळं कुदळीने एका सकाळीत उचकटलं. "वरचा थर आहे, मावशी," साहेब मऊपणे म्हणाले, "तो टाकूनच द्यावा लागतो." खाली हजारो वर्षांपूर्वीची चूल निघाली. तिच्यावरची माती मात्र मऊ कुंचल्याने, तान्ह्याचं तोंड पुसावं तशी पुसायची. त्या कामावर शिवणवालीलाच ठेवलं होतं.

एका दुपारी चुलीलगतच्या भुसभुशीत मातीतून भाजल्या मातीचा, तीन पायांचा घोडा निघाला. साहेबांनी गुडघेच टेकले. "खेळणं! त्या काळच्या कुणा लेकराचं!"

शिवणवालीने घोडा ओळखला. तिच्या लेकीने केलेला, तिच्याच चुलीत भाजलेला. चौथा पाय तडकला म्हणून पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं. चर खणला तेव्हा आत पडला असणार.

"काय झालं, मावशी?"

ओठांवर आलेलं तिने गिळलं. बोलली असती, तर घोडाही घमेल्यातून ढिगाऱ्यावर गेला असता.

"काही नाही. गोड आहे."

जागेवरच संग्रहालय उभं राहिलं. भाड्याच्या खोलीतून मायलेकी बघायला आल्या. लेकीने काचेला नाक लावलं. "आई! हा तर माझा—"

"गप." आईने तिचा दंड दाबला.

"माझाच आहे! घरी नेऊ या."

"कुठल्या घरी?"

पोरीने काचेवर बोट टेकवलं. "मग मी केलाय एवढं तरी सांग ना त्यांना."

"सांगितलं की टाकून देतात, बाळा."

"ओ बाई," पहारेकरी खेकसला, "पोरीला आवरा. काचेला डाग पडतात."