हौदातला फौजदार

मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी अकोल्याच्या शिवेवरच्या एका भाजीच्या मळ्यात पार्वताबाईंच्या हाताला पाण्यात काहीतरी चावलं. त्या तिथल्या हौदात पालकाच्या जुड्या बुचकळत होत्या. लाइट गेली होती, उजाडायला वेळ होता. हात वर काढला तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांतून रक्त येत होतं. पावसाळ्यात मळ्यात साप निघतातच; आठवड्यापूर्वी मोटारीच्या खोलीत एक निघाला होता. त्यामुळे घरात कोणी दुसरा विचार केला नाही. पावणेसहाला त्या सरकारी दवाखान्यात होत्या.

अमरावतीत, राजापेठेतल्या शेखरला हे सात वीसला कळलं. फोन पार्वताबाईंच्या नवऱ्याचा, खुशालरावांचा होता, आणि तो बातमी द्यायला केलेला नव्हता.

"सर, आज गिलके आन् सांबाराच्या जुड्या पाठवतो मनलं होतं तुमाले. नाही जमनार. घरच्या बाईले साप चावला."

"कुठं?"

"हौदात. बोटं सुजले, पन बोलून राहिली ते. सापाचं इंजेक्शन अजून देल्लं नाही. डॉक्टर मन्ते, चोवीस तास ठेवा लागन."

शेखरने काळजी घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. त्या हौदात काय आहे हे त्याला ठाऊक होतं. ते त्यानेच नेऊन सोडलं होतं, सतरा दिवसांपूर्वी.

मासा काचेच्या टाकीत पाळायच्या फ्लॉवरहॉर्न जातीचा, सहा वर्षांचा, वीतभराहून लांब, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मुलगी आकांक्षा दहावीत असताना तिने हट्टाने आणला होता. पहिल्या वर्षात त्याने सोबतचे तिन्ही मासे मारले, तेव्हा तिनेच त्याचं नाव फौजदार ठेवलं. दोन वर्षांपूर्वी ती शिकायला पुण्याला गेली. फौजदार राहिला. काचेजवळून कोणी गेलं की तो धडक मारायचा. दर रविवारी सहा बादल्या पाणी उपसायचं आणि सहा भरायचं. शेखर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, वय एक्कावन्न, कमरेला दुखण्याचा पट्टा. फेब्रुवारीत टाकी धुताना त्याची बायको शालू हिचं बोट माशाने फोडलं. दहा दिवस तिला डाव्या हाताने पोळ्या लाटाव्या लागल्या. जूनमध्ये एकदा पाइप धरून उभी असताना ती म्हणाली, "आपन मासा पाळून राहिलो का मासा आपल्याले?"

शहरातल्या दोन दुकानदारांनी एवढा मोठा, भांडखोर मासा घ्यायला नकार दिला. तिकडे खुशालरावांना आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितलं होतं की डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून हौदात मासे सोडा. सोडलेले बारीक मासे पाण्यासोबत वाफ्यांत वाहून गेले. त्यांना मोठा हवा होता. कॉलेजातल्या एका शिपायाने दोघांची गाठ घालून दिली. एवढा मोठा मासा अळ्या खातो की नाही, हे शेखरला माहीत नव्हतं. तसं त्याने सांगितलं नाही.

हौदाच्या काठावर खुशालरावांनी विचारलं होतं, "चावत-गिवत नाही न, सर?"

"मासा हाये बाप्पा, कुत्रं नाही," शेखर म्हणाला होता.

सगळे हसले. पार्वताबाई सर्वांत मोठ्याने. शालू हसली नव्हती. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "सांगाले पायजे होतं."

"सांगतलं असतं त नेला असता का त्यायनं?"

त्या रात्री शेखर दोन वर्षांत झोपला नव्हता तसा झोपला. आठव्या दिवशी मासा नेलेली बादली परत आली. रिकामं भांडं परत करू नये म्हणून खुशालरावांनी ती भेंडी, पालक आणि गिलक्यांनी भरून पाठवली होती. ती भाजी चार दिवस पुरली. शालूने पहिल्या दिवशी खाल्ली नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ली.

आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेखरने फोनवरचं सगळं सांगितलं.

"लावा न फोन मंग."

"चोवीस तासानं सोडनारच हायेत. सापाचं इंजेक्शन देल्लं नाही अजून."

"आन् देल्लं त?"

तो खुर्चीवर बसला. पट्टा सोडला, पुन्हा बांधला. सात पन्नासला त्याने फोन लावला. कोणी उचलला नाही. आणखी दोनदा लावला. आठ पंचवीसला खुशालरावांचा तिशीतला पुतण्या पियुष याने उचलला.

"काका डॉक्टरपाशी हायेत. बोला."

"साप नसन तो. मासा चावला असन."

"कोन्ता मासा?"

"आमचा."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. खुशालरावांचा आवाज आला.

"सर, तुमाले ठाऊक होतं?"

"होतं. आमच्या घरीबी चावला हाये."

"मी इचारलं होतं तुमाले."

"हो."

"तुमी हासले."

"हो."

मागे कोणीतरी केसपेपरचा नंबर पुकारत होतं. फोन बंद झाला.

शेखरने रजेचा अर्ज मोबाइलवरून पाठवला आणि जवळच्या बडनेरा स्टेशनवरून मिळाली ती गाडी धरली. शालू सोबत आली नाही. "मी येऊन काय सांगू?" ती म्हणाली.

साडेबाराला तो वॉर्डाबाहेर पोचला. सापाच्या दातांचे दोन ठसे नाहीत, खरचटल्यासारखी रांग आहे, रक्त नीट गोठतंय, एवढं डॉक्टरांनी नोंदवलं होतं. माशाचं कळल्यावर त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पण चावताना कोणी पाहिलं नाही म्हणून बुधवारी सकाळपर्यंत सोडायचं नाही असं ठरवलं. खुशालराव दोनदा समोरून गेले, बोलले नाहीत. पार्वताबाईंनी मात्र त्याला आत बोलावलं. हात उशीवर होता, बोटं वांग्यासारखी.

"सर, माशानं चावलं मनून गावात सांगू नोका. सापाचं आयकून सारे भेटाले येऊन राहिले."

तो हसला नाही. खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

बाहेर येऊन त्याने पियुषला विचारलं, "मासा कुठं हाये?" विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाईंना ताप आहे का, हे त्याने अजून कोणालाच विचारलेलं नाही.

पियुषने सांगितलं. साप समजून मळ्यातल्या लोकांनी सहा वाजताच हौदाचं बूच काढलं होतं. चौघे काठ्या घेऊन उभे होते. पाणी मेथीच्या वाफ्यांत गेलं. एक जण म्हणतो, तळाशी मासा फडफडत होता, तो उचलून विहिरीत टाकला. दुसरा म्हणतो, हौदात काहीच नव्हतं, ना मासा ना साप.

चार वाजता शेखर मळ्यातल्या विहिरीच्या काठावर गेला. पावसाने विहीर अर्ध्याहून वर भरली होती आणि पाणी गढूळ होतं. त्याने घरून खिशात आणलेल्या पुडीतले माशाच्या खाद्याचे दाणे टाकले. ते वर तरंगत राहिले.

सहा वाजता दवाखान्यात पार्वताबाईंची सूज मनगटापर्यंत आली होती. ताप शंभर. विहिरीत काही दिसलेलं नव्हतं; चावला तो मासाच की साप, हे अजून कोणालाच सांगता येत नव्हतं.