वखारीत मुरायला ठेवलेले उत्तर

सहा वर्षांपूर्वी ग्वांगबे म्हाताऱ्याला एक पत्र आले. ते त्याने माझ्या दारात उभे राहून दोनदा वाचले, माझ्या तुळईच्या खाचेत खोचले, आणि उत्तर काही पाठवले नाही. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मिठाची वखार आहे. एका बेटावर, समुद्रालगत, मिठागराच्या बांधावर उभी असते. माझी गोष्ट फार मोठी नाही आणि ती मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. तरी सांगते.

ग्वांगबेच्या वडिलांनी मला बांधले. लोखंडाला मीठ खाते, म्हणून खुंट्यासुद्धा लाकडाच्याच ठोकल्या. तळाच्या फळ्यांत बोटभर फटी ठेवल्या. नवे मीठ कडू असते. ते तीन वर्षे माझ्या पोटात पडून राहते, त्यातले कडू पाणी थेंबथेंब गळून जाते, आणि मगच ते कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यात, किमचीत, पडते. थांबणे हेच माझे काम. पण मला ते कधी जमले नाही. वारा सुटला की माझ्या फळ्या कुरकुरतात, ढग दिसला की जीव वरखाली होतो.

त्याला कारण आहे. तीस वर्षांपूर्वी वाफ्यांत वीस दिवस उन्हात आटवलेले पाणी होते. पाऊस आला की ते पाणी झाकलेल्या हौदात सोडायचे, हे काम ग्वांगबेच्या धाकट्या भावाचे, सुनबेचे. त्या दिवशी ग्वांगबे होडीने बाजाराला गेला आणि सुनबे किनाऱ्यावर पोहायला. दुपारी आभाळ फुटले. सगळे पाणी अळणी झाले. संध्याकाळी ग्वांगबे माझ्यासमोर ओरडला, "चालता हो! पुन्हा या बेटावर पाय ठेवू नकोस!" सुनबेला एका वाक्यात उत्तर देता आले असते. ते वाक्य मलाही ठाऊक होते. तो गप्प राहिला आणि दूर उल्सान शहरात जहाजांच्या कारखान्यात निघून गेला.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात सुनबेने एवढेच लिहिले होते : "दादा, माझे गुडघे गेले. चालता येतंय तोवर एकदा येऊन जाऊ का? तू हो म्हणालास तरच येईन."

ग्वांगबेने उत्तर लिहिले नाही असे नाही. दर हिवाळ्यात तो एक लिही. माझ्या अंधुक उजेडात वाची, मान हलवी आणि म्हणे, "अजून कडू आहे. मुरू दे." मग तो कागद फडक्यात बांधून मिठाच्या ढिगात पुरी. तिकीट लावलेले पाकीट मात्र फळीवर तसेच राही. मिठागरात जन्म गेलेल्या माणसालाच असे सुचणार.

उन्हाळ्यात पाहुणे येत. वाळूत लोळत, मला टेकून फोटो काढत, "किती सुंदर!" म्हणत. मी फुलून जाई, नाकारत नाही. माझ्या गळक्या छपराकडे कुणाचे लक्ष जात नसे. मी मात्र त्या गर्दीत गुडघे धरून चालणारा एक माणूस शोधत असे.

यंदा किमची घालायच्या दिवसांत ग्वांगबेची बायको ओकदान मीठ काढायला आली आणि फडके तिच्या हाती लागले.

"अहो, हे काय पुरून ठेवलंय? सोनं?"

"राहू दे गं ते."

तिने सोडलेच. सहा कागद. ओलीने शाई फुटून सगळे निळे झाले होते.

"सहा पत्रं आणि एक अक्षर वाचता येईना! काय लिहिलं होतं?"

"तो कसा चुकला... मग मी त्याला कसं माफ केलं..."

"मग गेलं ते बरंच झालं. अख्ख्या जगाला आपल्या किनाऱ्यावर लोळायची मुभा, आणि पाठच्या भावाला नाही? तीन वर्षं मिठाला लागतात हो. गुडघ्यांना कोण देतंय?"

ग्वांगबे पालथ्या टोपलीवर बसला. पेन्सिलीने लिहिले. या वेळी पान भरले नाही.

"वाचा मोठ्यानं," ती म्हणाली.

"सुनबे, त्या दिवशी सकाळी 'पाऊस येत नाही, खुशाल पोहायला जा', असं मीच म्हणालो होतो. ये."

ओकदानने ते निळे कागद गोळा केले. "तीस वर्षं मलासुद्धा सांगितलं नाहीत," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, माझे छप्पर कुणी शाकारले तर मला हवेच आहे. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरातल्या एखाद्या खाचेत कुणाचे पत्र खोचलेले असेल, तर ते आजच काढा. कागद मिठासारखा मुरत नाही. तो नुसता भिजतो.

बांधावर टपालवाल्याची लाल मोटारसायकल दिसली. ग्वांगबे रबरी बुटांनीच धावला.

"आजोबा, हे तिकीट जुन्या दराचं आहे!"

"मग ही घे आणखी पाच पाकिटं, त्यांवरची काढून लाव! पण आजच्याच बोटीनं जाऊ दे."

"एवढी कसली घाई?"

"भावाचे गुडघे दुखतात."

टपालवाल्याने तिकिटे लावून पाकीट थैलीत टाकले आणि गाडी धक्क्याकडे वळवली. ग्वांगबे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. पश्चिमेला आभाळ भरून आले होते. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्याने वर पाहिले नाही.